हेगेमोनिया : ग्रीक राज्यसंघांतील नेतृत्वाची कल्पना आणि आपली परिभाषा

१

मराठी समीक्षेत गेल्या काही दशकांत ज्या पारिभाषिक संज्ञा स्थिरावल्या, त्यांत 'हेजिमनी' ही एक महत्त्वाची संज्ञा आहे. दलित, ग्रामीण आणि स्त्रीवादी साहित्याच्या चर्चेत, तसेच प्रमाणभाषा आणि बोली यांच्या संबंधांचा विचार करताना तिचा आधार घेतला जातो. तिच्यासाठी मराठीत 'वर्चस्व', 'धुरीणत्व', 'प्रभुत्व', 'अधिसत्ता' असे निरनिराळे पर्याय योजले गेले. हे सर्व पर्याय समानार्थी आहेत असे गृहीत धरून ते एकाच विवेचनात आलटून पालटून वापरले जातात, असेही अनेकदा दिसते. परिणामी ही संज्ञा 'दडपशाही' या अर्थाच्या एका भारदस्त पर्यायापुरती उरते, आणि तिने जो प्रश्न उपस्थित करायचा तो उपस्थितच होत नाही.

ही संज्ञा आपल्याकडे आली ती प्रामुख्याने इटालियन विचारवंत आंतोनिओ ग्राम्शी (१८९१–१९३७) याच्या लेखनामुळे. परंतु शब्द ग्राम्शीचा नाही. त्याच्या मागे सुमारे अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा उगम ग्रीक नगरराज्यांच्या परस्परसंबंधांत आहे. स्वतंत्र असलेली, स्वतःचे कायदे स्वतः करणारी अनेक राज्ये एकत्र येऊन युद्ध करतात, तेव्हा त्यांच्यापुढे कोणी चालावे? पुढे चालणाऱ्याचा इतरांवर अधिकार कोणता आणि किती? इतरांनी त्याच्या मागे का जावे आणि केव्हा जाऊ नये? या प्रश्नांना ग्रीकांनी 'हेगेमोनिया' या शब्दाभोवती उत्तरे शोधली. ती उत्तरे कशी बदलत गेली हे पाहणे आणि त्या प्रकाशात आपल्या परिभाषेची फेरतपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. 'हेगेइस्थाइ' या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ पुढे चालणे, वाट दाखवणे असा आहे. त्यावरून 'हेगेमोन' म्हणजे वाटाड्या, पुढे चालणारा, सेनेचा अग्रणी. आणि 'हेगेमोनिया' म्हणजे त्याचे अग्रणीपण. 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गात ट्रॉयवर चालून आलेल्या नौकांची दीर्घ यादी येते, तेथे निरनिराळ्या प्रदेशांतून आलेल्या तुकड्यांच्या नायकांसाठी हा शब्द योजलेला आहे. त्या महाकाव्यातील परिस्थितीही बोलकी आहे. ॲगमेम्नॉन सर्व सैन्याचा अग्रणी आहे, पण बरोबर आलेले राजे त्याचे प्रजाजन नाहीत. म्हणूनच अपमान झाल्यावर अकिलीस युद्धातून अंग काढून घेऊ शकतो आणि त्याला परत आणण्यासाठी ॲगमेम्नॉनला दूत व भेटी पाठवाव्या लागतात. अग्रणी आहे पण मालक नाही, हा पेच ग्रीक वाङ्मयात आरंभापासून आहे.

या शब्दाच्या शेजारी दुसरा एक शब्द ठेवून पाहिला पाहिजे. तो म्हणजे 'आर्खे'. त्याचे अर्थ दोन : आरंभ आणि सत्ता. राज्यकारभारातील अधिकारपदाला तो लावतात, आणि एका राज्याने दुसऱ्यावर चालविलेल्या सत्तेलाही. जिथे 'हेगेमोनिया' आहे तिथे मागून येणारे 'सिम्माखोइ' असतात, म्हणजे 'बरोबरीने लढणारे', मित्रराज्ये. जिथे 'आर्खे' आहे तिथे खाली असणारे 'हिपेकोओइ' असतात, म्हणजे ऐकणारे, आज्ञांकित. दोन्ही शब्दांचा वापर करताना ग्रीक लेखक नेहमीच काटेकोर असतात असे नाही. थ्युसिडिडीज कधीकधी ते एकमेकांच्या जागी वापरतो. पण जेव्हा एखाद्या राज्यावर आरोप करायचा असतो किंवा त्याचा बचाव करायचा असतो, तेव्हा हा भेद नेमका पुढे येतो. भेद वादातून धारदार झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मराठीत या जोडीला जवळचे शब्द आहेत. 'पुढारी' हा शब्द 'पुढे' या अव्ययाशी जोडलेला आहे. 'नायक' आणि 'नेता' हे 'नी' म्हणजे नेणे या धातूपासून आले आहेत. 'धुरीण' म्हणजे धुरा वाहणारा, जोखडाचा भार घेणारा. या सर्व शब्दांत मागे येणाऱ्यांचे किंवा बरोबर ओढणाऱ्यांचे अस्तित्व गृहीत आहे. 'वर्चस्व' या शब्दाचे मूळ 'वर्चस्' म्हणजे तेज या अर्थाचे असले, तरी आजच्या मराठीत तो वरचढपणाचा वाचक आहे. त्यात मागे येणाऱ्याच्या संमतीला जागा नाही.

३

हेगेमोनियाचा सर्वांत जुना आणि दीर्घकाळ टिकलेला नमुना स्पार्टाचा. इ. स. पू. ६ व्या शतकात स्पार्टाने पेलोपोनीस द्वीपकल्पातील बहुतेक राज्यांशी करार केले. आधुनिक इतिहासकार या व्यवस्थेला 'पेलोपोनीसचा संघ' म्हणतात. ग्रीक तिला साधेपणाने 'लॅसिडेमोनियन आणि त्यांचे मित्र' म्हणत. करारातील शपथेचे स्वरूप इ. स. पू. ४०४ मध्ये पराभूत अथेन्सवर लादलेल्या अटींवरून कळते. जे स्पार्टाचे मित्र ते आपले मित्र व जे त्याचे शत्रू ते आपले शत्रू मानायचे, आणि जमिनीवर व समुद्रावर स्पार्टा नेईल तिकडे जायचे, असा तिचा आशय झेनोफनने नोंदविला आहे. 'नेईल तिकडे जाणे' ही हेगेमोनियाची अगदी शब्दशः व्याख्या होय.

मात्र ही शपथ एकतर्फी आज्ञापालनाची नव्हती. इ. स. पू. ५०६ च्या सुमारास राजा क्लिओमेनीस याने अथेन्सवर स्वारी केली, तेव्हा तिचा खरा हेतू लक्षात येताच कॉरिंथचे सैन्य अर्ध्या वाटेवरून परत फिरले. दुसरा स्पार्टन राजा डेमारेटस यानेही साथ सोडली आणि मोहीम मोडली. पुढे अथेन्सचा पदच्युत जुलूमशहा हिप्पियास याला पुन्हा गादीवर बसवावे असा प्रस्ताव स्पार्टाने मित्रराज्यांच्या सभेपुढे मांडला. हिरोडोटसच्या वृत्तांतानुसार कॉरिंथच्या प्रतिनिधीने जुलूमशाहीच्या अनुभवाचे दीर्घ वर्णन करून त्याला विरोध केला, इतरांनी त्याला पाठिंबा दिला आणि प्रस्ताव बारगळला. या दोन प्रसंगांनंतर सर्वांच्या मोहिमेसाठी सर्वांची सभा, ही रीत पडत गेलेली दिसते. प्रत्येक राज्याला, ते लहान असो वा मोठे, एक मत असे. बहुमताचा निर्णय सर्वांवर बंधनकारक असे. देवाधिकांचा काही अडसर आला तर मात्र सूट मिळे. इ. स. पू. ४३२ मध्ये अथेन्सविरुद्ध युद्धाचा निर्णय अशाच मतदानाने झाला.

या व्यवस्थेचे आणखी एक लक्षण थ्युसिडिडीज सांगतो. स्पार्टा मित्रराज्यांकडून खंडणी घेत नसे. परंतु तेथे आपल्याला सोयीची, मोजक्या लोकांच्या हाती असलेली अल्पजनसत्ता राहील याची काळजी घेत असे. हे दुसरे अर्धे वाक्य विसरता कामा नये. संमती होती, पण संमती देणारे कोण असावेत हेही बऱ्याच अंशी अग्रणी ठरवीत होता. शिवाय स्पार्टाचे स्वतःचे जीवन ज्या हेलोट शेतदासांच्या श्रमांवर उभे होते, त्यांना या संमतीच्या हिशेबात कोठेच स्थान नव्हते.

४

इ. स. पू. ४८१ मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस याच्या स्वारीला तोंड देण्यासाठी अनेक ग्रीक राज्ये एकत्र आली, तेव्हा अग्रणीपणाचा प्रश्न प्रथमच संपूर्ण ग्रीसच्या पातळीवर उभा राहिला. हिरोडोटसच्या सातव्या आणि आठव्या खंडात या संदर्भातील दोन प्रसंग येतात.

पहिला प्रसंग सिराक्यूसचा सत्ताधीश गेलोन याच्या दरबारातला. मदत मागायला आलेल्या दूतांना त्याने २०० त्रिरेम नौका, २०,००० शस्त्रधारी पायदळ आणि इतर मोठे सैन्य देऊ केले. अट एकच, सर्व ग्रीकांचे हेगेमोनपद आपल्याला मिळावे. स्पार्टाच्या दूताने ॲगमेम्नॉनचे स्मरण करून ही मागणी झिडकारली. गेलोनने मग जमिनीवरचे किंवा समुद्रावरचे, कोणतेही एक नेतृत्व मागितले; तेव्हा अथेन्सचा दूत उठला आणि त्याने समुद्रावरच्या नेतृत्वासाठी स्पार्टाखालोखाल आपला हक्क सांगितला. गेलोनच्या मते ज्याचे बळ अधिक त्याने पुढे चालावे. दूतांच्या मते बळ पुरेसे नाही. परंपरा, प्रतिष्ठा आणि मागून येणाऱ्यांची मान्यता हवी.

दुसरा प्रसंग पहिल्याची कसोटी पाहणारा आहे. आर्टेमिसियमच्या आरमारात अथेन्सच्या १२७ नौका होत्या आणि स्पार्टाच्या १०. तरीही सेनापती स्पार्टाचा युरिबियाडीस होता. कारण अथेन्सच्या हाताखाली लढण्यास इतर मित्रराज्ये तयार नव्हती. नेतृत्वावरून तंटा झाला तर ग्रीस बुडेल हे ओळखून अथेन्सने आग्रह सोडला, असे हिरोडोटस नोंदवितो. आणि हा आग्रह गरज होती तोवरच सोडला होता, अशी मार्मिक पुस्तीही जोडतो. १२७ आणि १० या दोन आकड्यांत हेगेमोनियाचे सारे वेगळेपण सामावलेले आहे. सामर्थ्याची बेरीज एकीकडे आणि मान्यता दुसरीकडे, असे होऊ शकते.

५

मान्यता जशी मिळते तशी जातेही. इ. स. पू. ४७८ मध्ये बायझँटियम येथे स्पार्टाचा सेनापती पॉसेनियास याने मित्रांशी उद्दाम वर्तन केले. तेव्हा आयोनियातील आणि नुकत्याच मुक्त झालेल्या इतर ग्रीकांनी अथेन्सकडे जाऊन 'तुम्ही आमचे अग्रणी व्हा' अशी विनंती केली. त्यातून डेलॉसचा संघ जन्मला. कोणत्या राज्याने नौका द्यायच्या आणि कोणी पैसा, हे ॲरिस्टायडीसने ठरविले. वार्षिक वर्गणीची पहिली आकारणी ४६० टॅलंट होती. खजिना डेलॉस बेटावर आणि सभाही तेथील देवालयात भरे. थ्युसिडिडीज स्पष्ट सांगतो की आरंभी अथेनियन हे स्वायत्त आणि सामुदायिक सभांतून विचारविनिमय करणाऱ्या मित्रांचे अग्रणी होते.

यानंतर जे घडले ते थ्युसिडिडीजने पहिल्या खंडातील काही मोजक्या परिच्छेदांत मांडले आहे. संघातून बाहेर पडू पाहणाऱ्या नॅक्सॉसला वेढा घालून वश करण्यात आले. रूढ संकेताच्या विरुद्ध गुलाम झालेले हे पहिले मित्रराज्य, असे तो म्हणतो. पुढे इ. स. पू. ४६५ मध्ये थॅसॉसने उठाव केला. दोन वर्षांच्या वेढ्यानंतर त्याचे तट पाडले गेले व नौका काढून घेतल्या गेल्या. इ. स. पू. ४५४ मध्ये खजिना अथेन्सला हलविण्यात आला. तेव्हापासून वर्गणीचा साठावा हिस्सा अथेना देवीला अर्पण होऊ लागला आणि त्याच्या याद्या संगमरवरावर कोरल्या जाऊ लागल्या. या याद्यांचे तुकडे आजही उपलब्ध आहेत. इ. स. पू. ४३१ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा संघात स्वतःच्या नौका देणारी राज्ये केवळ कायऑस आणि लेझ्बॉसची उरली होती. बाकी सारी पैसे देत होती.

या अधःपतनाचे थ्युसिडिडीजने दिलेले कारण विशेष विचार करण्याजोगे आहे. तो अथेन्सच्या कठोरपणाचा उल्लेख करतो, पण दोषाचा मोठा वाटा मित्रराज्यांच्याही पदरात टाकतो. घरदार सोडून मोहिमेवर जाण्याचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी नौकांऐवजी पैसा देणे पत्करले. त्या पैशाने अथेन्सचे आरमार वाढले, आणि ज्या दिवशी उठाव करावासा वाटला त्या दिवशी त्यांच्याजवळ ना नौका होत्या ना युद्धाचा सराव. संमतीचे रूपांतर अधीनतेत होते ते एका आघाताने होतेच असे नाही. आपल्या वाट्याचे काम दुसऱ्यावर सोपविण्याच्या लहान लहान सोयींतूनही ते होते.

हा बदल भाषेतही उमटला. अथेन्सच्या काही ठरावांत 'मित्र' या शब्दाऐवजी 'अथेनियनांची ज्यांवर सत्ता आहे ती शहरे' अशा आशयाचा शब्दप्रयोग येतो. संघाच्या आरंभीची शपथ परस्परांचे मित्र व शत्रू समान मानण्याची होती आणि ती दृढ करण्यासाठी लोखंडाचे गोळे समुद्रात सोडले गेले, असे ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात म्हटले आहे. गोळे वर येतील तेव्हाच शपथ सुटेल, हा त्याचा अर्थ. उलट, उठावानंतर कॅल्किसच्या नागरिकांना घ्यावी लागलेली शपथ शिलालेखात आहे. तीत अथेन्सच्या लोकसभेच्या आज्ञेत राहण्याचे वचन आहे. तेथील क्रियापद 'पेइथेस्थाइ' असे आहे. त्याचा एक अर्थ 'पटणे' आणि दुसरा 'आज्ञा पाळणे'. मराठीतील 'ऐकणे' या क्रियापदालाही अशीच दुहेरी छटा आहे. एकाच क्रियापदात दोन राजकीय व्यवस्था नांदू शकतात आणि कोणती नांदते आहे हे व्याकरण सांगत नाही.

पेरिक्लीसच्या तोंडी थ्युसिडिडीजने अशी कबुली घातली आहे की अथेन्सची सत्ता आता जुलूमशाहीसारखी झाली आहे. ती मिळविणे कदाचित अन्याय्य असेल, पण सोडणे धोक्याचे आहे. काही वर्षांनी क्लिऑन 'सारखी' हा शब्द गाळून ती जुलूमशाहीच आहे असे बजावतो. तर मिटिलीनीचे दूत म्हणतात की आम्ही मित्र झालो ते इराणपासून ग्रीकांच्या मुक्तीसाठी, अथेन्सकडून ग्रीकांना गुलाम करविण्यासाठी नव्हे. जोवर अथेन्स बरोबरीने नेत होते तोवर आम्ही उत्साहाने मागे गेलो. ही भाषणे म्हणजे शब्दशः टिपलेली वृत्ते नव्हेत. प्रसंगाला काय बोलणे उचित ठरले असते याचा विचार करून आपण ती रचली, असे इतिहासकार स्वतःच सांगतो. त्यामुळे त्यांचे मूल्य कमी होत नाही. एखाद्या सत्तेविषयी काय बोलता येणे शक्य होते, याचा तो पुरावा आहे. इ. स. पू. ४१६ मध्ये मेलॉस बेटाशी झालेल्या संवादात अथेन्सचे दूत न्यायाची चर्चाच नको म्हणतात, तेव्हा हेगेमोनियाचा शब्द वापरण्याची गरजही संपलेली असते.

६

इ. स. पू. ४०४ मध्ये 'ग्रीकांना मुक्त करणारा' म्हणून स्पार्टा विजयी झाला आणि त्याने लगेच अनेक शहरांत हार्मोस्ट नावाचे लष्करी अधिकारी व दहा-दहा जणांची मंडळे बसविली. इ. स. पू. ३८२ मध्ये शांततेच्या काळात थीब्जचा गड बळकावण्यात आला. मुक्तीच्या घोषणेखाली जुनीच आर्खे चालू राहिली. या अनुभवातून इ. स. पू. ४ थ्या शतकातील ग्रीक विचार अधिक सावध झाला.

त्याचा सर्वांत मूर्त पुरावा म्हणजे इ. स. पू. ३७७ मधील अथेन्सचा एक शिलालेख. दुसऱ्या अथेनियन संघात येणाऱ्यांना त्यात आश्वासने दिली आहेत : प्रत्येक राज्य स्वतंत्र आणि स्वायत्त राहील, आवडेल ती राज्यपद्धती ठेवील, तेथे शिबंदी ठेवली जाणार नाही, अधिकारी नेमला जाणार नाही, खंडणी घेतली जाणार नाही, कोणीही अथेनियन मित्रराज्याच्या भूमीत जमीन वा घर बाळगणार नाही. मित्रराज्यांची स्वतंत्र सभा अथेन्समध्येच भरे, परंतु तीत अथेन्सला मत नसे. ही यादी म्हणजे मागील शतकातील तक्रारींची उलट बाजूने केलेली नोंदच होय. 'फोरोस' म्हणजे खंडणी हा शब्द इतका बदनाम झाला होता की वर्गणीसाठी 'सिंटाक्सिस' म्हणजे 'अंशदान' असा सौम्य शब्द घ्यावा लागला. शब्द बदलला तरी संशय गेला नाही, इ. स. पू. ३५७ मध्ये कायऑस, ऱ्होड्स, बायझँटियम आदी राज्यांनी उठाव केला आणि दोन वर्षांनी अथेन्सला त्यांचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले.

या काळात हेगेमोनियाला वैचारिक रूप दिले ते आयसोक्रेटीस (इ. स. पू. ४३६–३३८) या वक्तृत्वाच्या आचार्याने. इ. स. पू. ३८० च्या सुमारास लिहिलेल्या 'पॅनेगिरिकस'मध्ये अथेन्सचा अग्रणीपणाचा हक्क तो आरमाराइतकाच वाणी, शिक्षण आणि उपकार यांवर उभा करतो. अथेन्सचे शिष्य जगाचे शिक्षक झाले आणि 'ग्रीक' हे नाव रक्ताऐवजी संस्कृतीच्या सहभागाचे द्योतक ठरले, असा त्याचा युक्तिवाद आहे. वाङ्मयीन आणि सांस्कृतिक नेतृत्वाची कल्पना येथे राजकीय नेतृत्वाच्या समर्थनासाठी उभी राहिली. मात्र त्याच भाषणात तो मेलॉससारख्या कृत्यांचेही समर्थन करतो, हे विसरून चालणार नाही. पुढे इ. स. पू. ३५५ च्या सुमारास 'शांततेविषयी' या भाषणात त्याने वेगळा सूर लावला. समुद्रावरील सत्ता हाच आपत्तींचा आरंभ, असे सांगताना त्याने 'आर्खे' या शब्दाच्या दोन्ही अर्थांवर श्लेष साधला आहे. मित्रांची 'एउनोइया' म्हणजे सद्भावना हेच अग्रणीचे खरे भांडवल, हे त्याचे मुख्य सूत्र.

एफोरस या इतिहासकाराचे मत भूगोलवेत्ता स्ट्रॅबोने जपून ठेवले आहे. इ. स. पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्रा येथे स्पार्टाला हरवून थीब्ज अग्रणी झाले, पण इ. स. पू. ३६२ मध्ये एपॅमिनॉन्डस मँटिनिया येथे पडताच त्याचे नेतृत्वही सरले. एफोरसच्या मते थीब्जने केवळ युद्धातील शौर्याची जोपासना केली. विद्या आणि माणसांशी व्यवहार यांकडे दुर्लक्ष केले. ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'च्या सातव्या खंडात युद्धशिक्षणाची उद्दिष्टे सांगताना, अनुयायांच्या हितासाठी असलेली हेगेमोनिया आणि सर्वांवरील मालकी यांत फरक करतो. परंतु लगेच पुढे, जे दास्याला योग्य आहेत त्यांच्यावर मालकी गाजविणे हे तो आणखी एक उद्दिष्ट मानतो. हेगेमोनिया बरोबरीच्यांसाठी होती. बरोबरीचे कोण हे ठरविण्याचा प्रश्न तिच्या बाहेरच राहिला.

या कथेचा शेवटचा अध्याय मॅसिडोनियाचा. इ. स. पू. ३३८ मध्ये कायरोनिया येथे विजयी झालेल्या फिलिपने कॉरिंथ येथे ग्रीकांचा संघ स्थापन केला आणि स्वतःसाठी 'हेगेमोन' हीच उपाधी घेतली. सभा होती, शपथ होती, स्वायत्ततेचे वचन होते. आणि मोक्याच्या ठिकाणी मॅसिडोनियाची शिबंदीही होती. स्पार्टा या संघाबाहेर राहिला. इ. स. पू. ३३५ मध्ये उठाव करणारे थीब्ज जमीनदोस्त झाले, तेव्हा शिक्षेचा निर्णय अलेक्झांडरने आपल्या ग्रीक मित्रांकडून करवून घेतला. हेगेमोनियाची सर्व बाह्यांगे शाबूत ठेवून आर्खे चालविता येते, हे येथे सिद्ध झाले.

७

एकोणिसाव्या शतकात ग्रीसच्या इतिहासलेखनातून हा शब्द आधुनिक युरोपीय भाषांत रुळला. रशियातील समाजवादी चर्चेत कामगारवर्गाने शेतकऱ्यांसह इतर मित्रवर्गांचे नेतृत्व करावे या अर्थाने तो आला, आणि तेथून ग्राम्शीकडे. तुरुंगात १९२९ पासून लिहिलेल्या टिपणवह्यांत ग्राम्शी म्हणतो की एखादा वर्ग दोन रीतींनी वरचढ असतो : मित्रवर्गांचे तो नेतृत्व करतो आणि विरोधी वर्गांवर सत्ता चालवितो. सत्ता हाती येण्यापूर्वीही तो नेतृत्व करू शकतो, किंबहुना त्याने ते केले पाहिजे. हा भेद ग्रीक भेदाशी किती जुळतो हे सांगणे नको. ग्राम्शी हा तुरिन विद्यापीठात भाषाशास्त्राचा विद्यार्थी होता. एका भाषारूपाची प्रतिष्ठा दुसऱ्या भाषिकांना कशी आकर्षून घेते, हा प्रश्न त्याला तेथेच भेटला होता. १९३५ मधील त्याची अखेरची टिपणवही व्याकरणासंबंधी आहे. साहित्य आणि भाषेच्या अभ्यासकांना ही संज्ञा जवळची वाटावी, हे म्हणूनच स्वाभाविक आहे.

आता आपल्या परिभाषेकडे वळता येईल. 'हेजिमनी'साठी सरसकट 'वर्चस्व' वापरले तर आर्खेचाच अर्थ हाती येतो आणि संमतीचा प्रश्न नाहीसा होतो. 'धुरीणत्व' हा पर्याय मूळ कल्पनेच्या अधिक निकट आहे. पण तोही भाबडेपणाने वापरता येणार नाही, कारण फिलिपनेही स्वतःला धुरीणच म्हणवून घेतले होते. म्हणून शब्दाबरोबर प्रश्नही घेतले पाहिजेत. ग्रीक इतिहासातून ते सहज निघतात : सभा आहे काय आणि तीत मत कोणाला आहे? अंशदान स्वतःच्या श्रमाचे आहे की खंडणीचे? मागे न जाण्याची मुभा आहे काय? आणि 'मित्र' म्हणून ज्यांची गणनाच झाली नाही असे कोण आहेत?

मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक परिचित घटना या प्रश्नांच्या प्रकाशात पाहता येते. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ मधील सभेच्या वेळी जोतीराव फुले यांना निमंत्रण गेले, ते त्यांनी नाकारले आणि आपली कारणे पत्राने कळविली. ज्यांनी बहुसंख्यांचे मानवी हक्क मान्य केले नाहीत त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. ही घटना केवळ वर्चस्वाच्या चौकटीत पाहिली, तर फुले हे दडपले गेलेल्यांचे प्रतिनिधी एवढेच दिसतात. धुरीणत्वाच्या चौकटीत मात्र निमंत्रणालाही अर्थ येतो. रानडे यांच्या पिढीचे वाङ्मयीन नेतृत्व सर्व मराठी ग्रंथकारांचे नेतृत्व ठरण्यासाठी फुल्यांसारख्यांच्या संमतीची गरज होती. म्हणून निमंत्रण होते. आणि ती संमती नाकारता येते हे फुल्यांनी कृतीने दाखविले. अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्या कॉरिंथकरांपेक्षा त्यांचे पाऊल पुढचे होते, कारण ते त्या वाटेवर निघालेच नाहीत. ज्यांना बरोबरीचे मानले गेले नाही त्यांच्याकडून संमतीची अपेक्षा कशी करता, हा ग्रीकांनी न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला.

प्रमाण मराठी आणि बोली यांच्या संबंधांनाही हीच कसोटी लावावी लागेल. मोल्सवर्थचा कोश (१८३१), दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६), शाळाखाते आणि मुद्रण यांतून जे भाषारूप पुढे चालू लागले, त्याच्यामागे इतर भाषिक कोठे पटून गेले आणि कोठे केवळ आज्ञा म्हणून गेले, हे प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्रपणे तपासावे लागेल. 'ऐकणे' या एकाच क्रियापदाने दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधांत 'वर्चस्व' हा शब्द लिहिण्यापूर्वी ती झाकण उचलून पाहण्याची सवय लावून घेतली, तर या जुन्या ग्रीक शब्दाचा आपल्याला खरा उपयोग झाला असे म्हणता येईल.